खोट्या गोळीचा खरा प्रश्न

डोक्यावर, दाढीत किंवा भुवईत रुपयाएवढा गोल चट्टा पडतो, तेथील केस मुळापासून गळून जातात आणि खालची कातडी गुळगुळीत होते, त्या आजाराला मराठीत चाई म्हणतात. आयुर्वेदाने त्याला इंद्रलुप्त म्हटले. युनानी हकिमांनी दाउस्सालब, म्हणजे कोल्ह्याचा आजार, असे नाव दिले. आजचे डॉक्टर जो ॲलोपेशिया हा शब्द वापरतात, तोही ग्रीक भाषेतील कोल्ह्यावरूनच आला आहे. खरजेने केस झडलेला कोल्हा त्या लोकांच्या डोळ्यांपुढे असावा. इतक्या परंपरांनी या आजाराला नावे दिली, लेप सांगितले, तेले सांगितली. पण ज्याचा परिणाम मोजून पाहिला आहे आणि जे संपूर्ण शरीरावर काम करते, असे पहिले औषध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मंजूर केले ते जून २०२२ मध्ये. त्याचे नाव बॅरिसिटिनिब.

औषध गुणकारी आहे हे ठरले ते माणसांवर करून पाहिल्यामुळेच, आणि ते करताना काही माणसांना औषध दिले गेले, काहींना दिले गेले नाही, आणि काहींना देऊन परत काढून घेतले गेले. या शेवटच्या गोष्टीने मला बरेच दिवस अस्वस्थ केले आहे. एखाद्याच्या डोक्यावर वर्षानुवर्षांनी केस आले असताना, ते पुन्हा गळतात का हे पाहण्यासाठी त्याची गोळी बंद करणे न्याय्य आहे काय? प्रश्न साधा वाटतो. परंतु ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याआधी बऱ्याच गोष्टी नीट पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट आजाराची. चाई हा केसांचा आजार नाही, शरीराच्या पहारेकऱ्यांचा आहे. रोगजंतूंशी लढण्यासाठी ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्या केसांच्या मुळांनाच शत्रू समजून त्यांच्याभोवती गोळा होतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे दृश्य मधमाश्यांच्या घोळक्यासारखे दिसते, असे वैद्यकाची पुस्तके सांगतात. मात्र या हल्ल्यात मूळ मरत नाही, फक्त गप्प होते. म्हणून गेलेले केस पुष्कळदा आपोआप परत येतात, आणि आलेले पुन्हा जातात. एकदोन चट्टे असलेल्या अनेकांना वर्षभरात काही न करता बरे वाटते. कांद्याचा रस, गुंजेचा लेप, अमक्या बाबांचे तेल, तमक्या हकिमांचा मलम या साऱ्यांच्या कीर्तीचे रहस्य यातच आहे. केस यायचेच होते, श्रेय तेलाच्या बाटलीला मिळाले. ज्यांचे सगळे डोके, भुवया आणि पापण्याही जातात, त्यांच्या बाबतीत मात्र असा आपोआप उतार फार क्वचित पडतो.

दुसरी गोष्ट लोकांच्या नजरेची. “केसच तर आहेत, जीव तर जात नाही ना?” हे वाक्य या रोग्याने जितक्या वेळा ऐकले असेल तितक्या वेळा त्याने स्वतःचे नावही ऐकले नसेल. दुखत नाही, खुपत नाही, ताप नाही, तर मग आजार कसला? परंतु आपल्याकडे मुलगी पाहायला येणाऱ्या बायका आधी काय पाहतात, हे आपण सर्व जाणतो. आमच्या ओळखीच्या एका घरातील मुलीने कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी अचानक डोक्याला घट्ट स्कार्फ बांधायला सुरुवात केली. मोहल्ल्यात तिची तारीफ होऊ लागली, “पोरगी दीनदार झाली” असे वडीलधारे म्हणू लागले. ती तारीफ तिला नाकारता येत नव्हती, कारण मग कारण सांगावे लागले असते. आणि स्वीकारताही येत नव्हती, कारण ती तिची नव्हती. स्कार्फने तिला रस्त्यावरच्या माणसांपासून वाचवले, पण लग्नाच्या घरी, मेंदीच्या रात्री, जिथे सगळ्या बायका डोक्यावरचे काढून बसतात, तिथे ती जाईनाशी झाली. पडदा परक्यांसाठी असतो. तिला खरी भीती आपल्यांची होती.

मार्च २०२२ मध्ये ऑस्करच्या समारंभात एका विनोदवीराने जेडा पिंकेट स्मिथ या अभिनेत्रीच्या केस नसलेल्या डोक्यावर विनोद केला, आणि तिच्या नवऱ्याने व्यासपीठावर जाऊन त्याला थप्पड मारली. जगभर चर्चा झाली ती थप्पडेची. त्याच महिन्यात ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात बॅरिसिटिनिबच्या चाचण्यांचा अहवाल आला, त्याची बातमी फार थोड्यांनी वाचली. हसणाऱ्याला आणि मारणाऱ्याला मिळालेली जागा आजाऱ्याला मिळाली नाही.

आता औषधाची हकीकत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अँजेला ख्रिस्तियानो या संशोधिकेला स्वतःला हा आजार आहे. तिच्या गटाने २०१० साली या रोगाशी जोडलेल्या जनुकांचा शोध प्रसिद्ध केला. त्यातून हल्ला करणाऱ्या पेशी कोणत्या संदेशावर काम करतात याचा माग लागला, आणि तो संदेश अडवणारी जेएके-रोधक नावाची औषधे दुसऱ्या आजारांसाठी आधीच तयार होती. २०१४ मध्ये या गटाने उंदरांवर आणि तीन रोग्यांवर झालेला परिणाम प्रसिद्ध केला. त्याच वर्षी येल विद्यापीठातील डॉक्टरांनी एका पंचवीस वर्षांच्या तरुणाची हकीकत छापली. त्याच्या अंगावर जवळपास एकही केस नव्हता. सोरायसिससाठी त्याला याच जातीचे टोफॅसिटिनिब दिले, आणि काही महिन्यांत त्याच्या डोक्यावर, भुवयांत, दाढीत केस आले. त्याची आधीची आणि नंतरची छायाचित्रे जगभर फिरली.

एखाद्या रोग्याच्या आईला ते छायाचित्र पुरेसे आहे. ती विचारील, “आला ना केस? मग आता कसली परीक्षा घेता? माझ्या लेकीला द्या.” या आईला उत्तर काय द्यायचे?

उत्तर देताना मला दोन जुने वैद्य आठवतात. बुखाऱ्याकडचा इब्न सीना १०३७ साली वारला. त्याच्या ‘कानून’ या ग्रंथात औषधाची पारख कशी करावी याचे नियम दिले आहेत. त्यांत तो म्हणतो की परिणाम पुन्हापुन्हा दिसला पाहिजे, नाही तर तो योगायोग समजावा. आणि परीक्षा माणसाच्या शरीरावर झाली पाहिजे, कारण सिंहावर किंवा घोड्यावर जे सिद्ध झाले त्यावरून माणसाबद्दल काही सिद्ध होत नाही. उंदरांना केस आले, तीन माणसांना आले, आणखी एका तरुणाला आले. इब्न सीनाने यावर समाधान मानले नसते. त्याच्या शंभरएक वर्षे आधीच्या अबू बक्र राझीने तर त्याहून अवघड काम केले होते. मेंदूच्या सुजेच्या आजारात रक्त काढण्याचा फायदा होतो की नाही हे ठरवण्यासाठी त्याने काही रोग्यांचे रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही. फरक कळावा म्हणून आपण तसे केले, हेही त्याने लिहून ठेवले आहे.

या ‘मुद्दाम’ शब्दात आपला सारा प्रश्न हजार वर्षांपूर्वीच येऊन बसलेला आहे. राझीची अशी समजूत होती की रक्त काढल्याने रोगी वाचतो. मग ज्यांचे काढले नाही त्यांच्याशी त्याने अन्याय केला का? गंमत अशी की रक्त काढण्याने या आजारात भले होत नाही हे आज आपल्याला माहीत आहे. म्हणजे ज्यांना त्याने आपल्या समजुतीप्रमाणे उपायाविना ठेवले, त्यांचे त्याने नकळत रक्षणच केले. समजूत कितीही पक्की असो, मोजल्याशिवाय ती समजूतच राहते, आणि चुकीच्या समजुतीची किंमत रोग्याने भरायची असते. वैद्याची नियत साफ असल्याने ती किंमत कमी होत नाही.

तेव्हा मोजणे भागच होते. बॅरिसिटिनिबच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या. पहिलीत ६५४ आणि दुसरीत ५४६, असे एकूण १,२०० प्रौढ रोगी होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावरचे निम्मे किंवा त्याहून जास्त केस गेलेले होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे तीन गट केले. एका गटाला रोज चार मिलिग्रॅमची गोळी, दुसऱ्याला दोन मिलिग्रॅमची, आणि तिसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली. या तिसऱ्या गटात दोन्ही चाचण्या मिळून ३४५ माणसे होती. कोणती गोळी कोणाला हे रोग्यालाही माहीत नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नव्हते. छत्तीस आठवड्यांनंतर किती जणांच्या डोक्याचा किमान ऐंशी टक्के भाग केसांनी भरला हे पाहिले गेले. पहिल्या चाचणीत चार मिलिग्रॅमच्या गटात ३८.८ टक्के, दोन मिलिग्रॅमच्या गटात २२.८ टक्के आणि खोट्या गोळीच्या गटात ६.२ टक्के. दुसऱ्या चाचणीत हेच आकडे ३५.९, १९.४ आणि ३.३ असे आले.

हे आकडे घाईने वाचू नयेत. त्यांतून पहिले हे कळते की औषध खरे आहे. दुसरे हे की जास्त मात्रा घेतलेल्या दहांतील सहाजणांना त्या मुदतीत हवे तेवढे केस आले नाहीत. येलच्या तरुणाचे छायाचित्र पाहून आशा लावलेल्या आईला हे कोणी सांगितले नसते. आणि तिसरे हे की खोटी गोळी घेणाऱ्यांतही काहींना केस आले. हा तिसरा आकडा नसता तर पहिल्या आकड्याला अर्थ राहिला नसता. म्हणजे पहिल्या गटाच्या यशाची ग्वाही त्या ३४५ जणांनी आठ महिने दिली आहे. ज्यांना काही मिळाले नाही त्यांनीच इतरांना मिळालेल्या गोष्टीला किंमत आणली.

त्यांची फसवणूक झाली काय? मला तसे वाटत नाही. खोटे बोलणे आणि न सांगणे यांत फरक आहे, आणि ‘मी तुला सांगणार नाही’ हे आधीच सांगणे ही तर तिसरीच गोष्ट आहे. चाचणीत येणाऱ्याला स्पष्ट सांगावे लागते की तुला मिळणारी गोळी रिकामी असू शकते. हे जाणून तो हो म्हणतो. कॅनडातील विचारवंत बेंजामिन फ्रीडमन याने १९८७ साली यासाठी एक कसोटी मांडली. एखाद्या डॉक्टरला मनातून काय वाटते हा प्रश्न नाही. जाणकारांच्या समाजात त्या इलाजाबद्दल खरोखरच मतभेद आहे काय, हा प्रश्न आहे. असा प्रामाणिक संशय असेल तोवरच चिठ्ठ्या टाकण्याचा अधिकार आहे. संशय संपला की तोही संपला. जागतिक वैद्यक संघटनेचा १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा पुढच्या दुरुस्त्यांतून साधारण याच दिशेने गेला. सिद्ध झालेला उपाय नसेल तिथे खोटी गोळी चालते. उपाय असतानाही ती द्यायची तर शास्त्रीय कारण भक्कम हवे, आणि तिच्यामुळे कोणाला गंभीर किंवा कायमची हानी होण्याचा जादा धोका असता कामा नये.

पहिल्या छत्तीस आठवड्यांपुरते हे उत्तर मला पुरते. खरी अडचण त्यानंतर येते.

बावन्नाव्या आठवड्यात पहिल्या चाचणीचा दुसरा टप्पा सुरू झाला. ज्यांना औषधाने केस आले होते त्यांच्यासाठी पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या. चारांपैकी तिघांचे औषध चालू राहिले. चौथ्याची गोळी, त्याला किंवा त्याच्या डॉक्टरला न कळता, रिकामी झाली. आता कल्पना करा की या चौथ्या जागी तुमची बहीण आहे. अनेक वर्षांनी तिने आरशात भांग पाडला आहे. ती रोज तशीच दिसणारी गोळी घेते. काही महिन्यांनी उशीवर एक केस दिसतो. नंतर दहा. ती विचार करते, हे सगळ्यांचेच गळतात तेवढे आहेत की... पुढे तिला विचारवत नाही. १५२ व्या आठवड्यापर्यंत, औषध बंद केलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांनी मिळालेला फायदा गमावला.

येथे फ्रीडमनची कसोटी लावली तर? औषध केस आणते याबद्दल आता संशय उरला नव्हता. मग चिठ्ठ्या कशासाठी? संशय दुसऱ्याच गोष्टीचा होता. ही गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल काय? आणि या प्रश्नाला वजन होते, कारण गोळी निरुपद्रवी नाही. याच जातीच्या टोफॅसिटिनिबचा, पन्नाशी उलटलेल्या आणि हृदयरोगाचा धोका असलेल्या संधिवाताच्या रोग्यांवर मोठा अभ्यास झाला. त्यात हृदयविकार, कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्या यांचे प्रमाण तुलनेच्या औषधापेक्षा जास्त दिसले, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या प्रशासनाने बॅरिसिटिनिबसह या गटातील औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. चाईचे रोगी बहुधा तरुण असतात, त्यांचा धोका तेवढा नसेलही. पण पंचविसाव्या वर्षी सुरू केलेली गोळी साठीपर्यंत घ्यायची, की वर्षभराने सोडली तरी चालते, हे कोणीतरी शोधायलाच हवे होते. न शोधता लाखोंना आयुष्यभर गोळी खायला लावणे, किंवा न शोधता ‘आता बंद करा’ म्हणून सांगणे, हे दोन्ही त्या चौथ्या माणसावरच्या प्रयोगापेक्षा मोठे प्रयोग झाले असते. फक्त त्यांना कोणी प्रयोग म्हटले नसते.

शिवाय चाचणीत एक दोर बांधलेला होता. ठरवलेल्या मापाने, म्हणजे डोक्याच्या सुमारे पाचव्या हिश्शाहून जास्त, केस पुन्हा गेले की त्या व्यक्तीची मूळ गोळी परत सुरू करायची. ती सुरू केल्यावर बहुतेकांचे केस परत आलेही. म्हणजे हानी कायमची नव्हती. नियमाच्या भाषेत सगळे बरोबर बसते.

तरीही माझे मन इथे थांबत नाही. ‘कायमची हानी नाही’ हे वाक्य कोणाच्या मापाने खरे आहे? केसांच्या मुळाच्या मापाने ते खरे आहे. पण जी मुलगी एकदा लग्नघरात जाऊ लागली आणि पुन्हा जाईनाशी झाली, तिचे ते महिने केसांबरोबर परत येत नाहीत. एकदा गेलेल्या केसांचे दुःख एक, आणि परत येऊन गेलेल्या केसांचे दुःख दुसरे. पहिल्यात नशीब असते, दुसऱ्यात कोणाचा तरी निर्णय. डोक्याचा किती भाग उघडा पडला हे शून्य ते शंभर अशा मापाने मोजता येते. हा दुसरा फरक मोजण्याचे माप अजून कोणी तयार केलेले नाही.

काही जण म्हणतील, तिने सही केली होती. खरे आहे, सही होती. संमतीपत्र हा आधुनिक वैद्यकाचा मोठा विजय आहे, त्याला मी कमी लेखणार नाही. पण सही ज्या दिवशी होते त्या दिवशी सही करणाऱ्याच्या डोक्यावर केस नसतात. जे मिळालेच नाही ते पुढे गमवावे लागेल, या अटीला हो म्हणणे सोपे असते. वर्षभरानंतर जी व्यक्ती आरशासमोर उभी असते ती एका अर्थाने वेगळी असते. तिच्याकडे गमावण्यासारखे काहीतरी असते. म्हणून अशा चाचणीत संमती एकदा घेऊन पुरत नाही, ती त्या वळणावर पुन्हा विचारली पाहिजे, आणि ‘मला आता पुढे जायचे नाही’ म्हणणाऱ्याला तोंड चुकवावे लागणार नाही अशा रीतीने विचारली पाहिजे. चाचणी केव्हाही सोडण्याचा हक्क कायद्याने आहेच. पण सोडल्यावर औषधही मिळणार नसेल, तर तो हक्क कागदावरचा ठरतो.

लहान वयाचा प्रश्न तर अधिकच नाजूक आहे. जून २०२३ मध्ये मंजूर झालेले रिटलेसिटिनिब बारा वर्षांपासून पुढच्यांसाठी आहे, आणि त्याच्या ७१८ जणांच्या चाचणीत किशोरवयीन मुलेही होती. सही आईबापांची, डोके मुलाचे. आपल्या देशाचे नियम सात वर्षांपुढच्या मुलाचाही होकार घ्यायला सांगतात. पण शाळेत टोपी ओढली जाणारे मूल कशालाही हो म्हणेल, आणि तेच पाहून कळवळणारे आईबापही. गरजेपोटी दिलेला होकार खोटा नसतो. पण तो घेणाऱ्याची जबाबदारी त्याने दुप्पट होते.

आता आपल्याकडे वळू. आपल्या देशात चाचण्यांचा इतिहास फारसा अभिमानाचा नाही. स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सरकारला फटकारले, आणि पुढे मार्च २०१९ मध्ये नवे नियम आले. त्यांत नुकसानभरपाई आहे, नीतिसमित्यांवर बंधने आहेत, आणि डॉक्टरने शिफारस केली व दुसरा उपाय नसला तर चाचणीनंतरही रोग्याला ते औषध फुकट देण्याची तरतूद आहे. कागद चांगला आहे. आपल्या लोकांच्या मनातली शंका मात्र कागदाने जात नाही. “आमच्यावर प्रयोग करतात” हे वाक्य मोहल्ल्यांतून अजून ऐकू येते, आणि त्याला अनुभवाचा आधार नाही असे कोण म्हणेल?

पण माझ्या मते आपल्याकडचा मोठा धोका नेमका उलट आहे. कोरोनाच्या लाटेत, मे २०२१ मध्ये, बॅरिसिटिनिब बनवणाऱ्या लिली कंपनीने सिप्ला, लुपिन, सन फार्मा अशा भारतीय कंपन्यांना ते तयार करण्याचे परवाने दिले. त्याआधीपासून टोफॅसिटिनिबच्या स्वस्त गोळ्याही बाजारात येऊ लागल्या होत्या. आता जाणते त्वचारोगतज्ज्ञ त्या विचारपूर्वक लिहून देतात, रक्त तपासतात, क्षयाची तपासणी करतात. पण जुनी चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून गोळ्या आणणारेही आहेत, एकाची गोळी दुसऱ्याला सुचवणारेही आहेत. ही औषधे शरीराचा पहारा सैल करतात, त्यामुळे दबून बसलेला क्षय डोके वर काढू शकतो. गोवंडी, भिवंडी, मालेगाव येथे राहणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. सिंहावरून माणसाबद्दल ठरवू नये असे इब्न सीना म्हणाला. तिथल्या माणसावरून इथल्या माणसाबद्दल किती ठरवावे, हा त्याच प्रश्नाचा आजचा चेहरा आहे.

चाचणीत माणसावर प्रयोग होतो, पण तिथे प्रत्येक केस मोजला जातो, प्रत्येक ताप लिहिला जातो, आणि बिघडले तर विचारणारा कोणी असतो. केमिस्टच्या गल्ल्यावरही प्रयोगच होतो. फरक इतकाच की तिथे वही नाही. एकाला गुण आला तर शंभरांना सांगितले जाते, एकाला क्षय झाला तर तो कशाने झाला हे त्याच्या घरच्यांनाही कळत नाही. ज्या दुःखातून कोणीच काही शिकत नाही ते मला खोट्या गोळीपेक्षा जास्त अन्यायाचे वाटते.

म्हणून त्या आईला माझे उत्तर असे राहील की परीक्षा हवी, आणि ती खोट्या गोळीसकट हवी. चौथ्या माणसाबद्दलही, बराच विचार करून, मी म्हणतो की ते करणे योग्य होते, कारण शंका खरी होती, ती आधी सांगितली होती, आणि परतीची वाट ठेवली होती. मात्र योग्य असणे म्हणजे फुकट असणे नव्हे. मोठा हिशोब बरोबर आला म्हणून एकाचे उपकार फिटत नाहीत. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये असे कांट सांगतो. त्या चौथ्या माणसाला साधन म्हणून वापरले गेले हे तर उघडच आहे. ‘केवळ’ हा शब्द खरा करायचा की नाही, हे चाचणी संपल्यानंतर आपण काय करतो त्यावर ठरते. हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०२४ च्या दुरुस्तीत ज्यांच्यावर प्रयोग होतो त्यांना प्रयोगाचा विषय न म्हणता सहभागी म्हटले आहे. शब्द बदलला हे चांगले झाले. पण सहभागी म्हटला की त्याचा हिस्साही आला.

तो हिस्सा कोणता? पहिला म्हणजे सत्य: जे निष्कर्ष आले ते, अपयशाचेही, सर्वांसमोर ठेवणे. हे या चाचण्यांत झाले, म्हणून तर ऐंशी टक्क्यांची गोष्ट आपण वाचू शकतो. दुसरा म्हणजे औषध. रिटलेसिटिनिबची अमेरिकेतील किंमत सुरुवातीला वर्षाला सुमारे ४९ हजार डॉलर ठेवली गेली. ब्रिटनच्या संस्थेने २०२३ मध्ये खर्च परवडत नाही म्हणून बॅरिसिटिनिबला सरकारी सेवेत जागा नाकारली, आणि २०२४ मध्ये रिटलेसिटिनिबला मात्र दिली. मुंबईच्या सन फार्माने २०२३ मध्ये एक अमेरिकी कंपनी विकत घेतली आणि तिचे ड्युरुक्सोलिटिनिब जुलै २०२४ मध्ये तिथे मंजूर झाले. म्हणजे पैसा आपल्या शहरातून जातो, नफा इथे येतो, आणि गोळी गोवंडीच्या मुलीपर्यंत कधी आणि कोणत्या भावाने पोहोचेल हा प्रश्न उरतोच. ‘हे तर सौंदर्याचे काम’ म्हणून विमा कंपन्या हात झटकतात तेव्हा त्या फक्त एका रोग्याला नकार देत नाहीत. ज्याने रिकामी गोळी घेऊन ते औषध सिद्ध केले, त्याच्या त्यागालाही त्या शृंगार ठरवतात.

तिसरा हिस्सा आपल्या सर्वांकडून येणे आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. औषध घेतलेल्यांतही दहांतील सहाजणांना केस पुरेसे येत नाहीत, हे त्याच चाचणीने सांगितले. तेव्हा गोळी कितीही स्वस्त झाली तरी केस नसलेली पुष्कळ माणसे आपल्यात राहणारच आहेत. रोगावरचा इलाज प्रयोगशाळेत शोधता येतो, पण नजरेवरचा इलाज तिथे मिळायचा नाही. त्याची चाचणी रोज आपल्या घरी, आपल्या दिवाणखान्यात, मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात चालू असते. तिथे आपल्यापैकी कोणालाही खोट्या गोळीच्या गटात बसण्याची सवलत नाही.